परत्याचं शीड

आपण समुद्रात बुडून मेलो आहोत, ही बातमी परत्याला एका मंगळवारी सकाळी धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर कळली. सांगणारी बाई परगावची होती. खांद्यावरची जाड पांढरी पिशवी सावरत तिनं फार हळव्या आवाजात विचारलं, "आजोबा, तुम्ही इथलेच ना? तो बिचारा म्हातारा नावाडी वादळात गेला, त्याला ओळखत होतात का हो?"

"कुठला नावाडी?"

"हा काय." तिनं पिशवीला बांधलेली चिठ्ठी सोडून त्याच्या हातात दिली.

परत्यानं चष्मा लावला. ओठ हलवत चिठ्ठी एकदा वाचली, मग पिशवीकडे पाहिलं, मग चिठ्ठी पुन्हा वाचली. नंतर भरलेला पेला तसाच बाकावर ठेवून, बाईला हो की नाही काही न सांगता, चिठ्ठी मुठीत धरून तो तरातरा शिडवालीच्या कारखान्याकडे निघाला. पंच्याहत्तरी गाठलेला माणूस असा निघाला की टपरीवरचे रिकामटेकडे माना वळवून बघणारच. तेही बघत राहिले.

कारखाना आपला म्हणायला. खरं तर ती जाळी ठेवायची जुनी वखार. पण पुरतं शीड जमिनीवर पसरता येईल अशी जागा धक्क्यावर तेवढी एकच होती. एका भिंतीला जाड सुईची तीन मशिनं, खिडकीखाली कापायचं टेबल, आणि वर वाशांवर घड्या घालून ठेवलेली जुनी शिडं. मिठानं कडक झालेली, उन्हानं पिवळी पडलेली, ठिगळांवर ठिगळं चढलेली. शिडवाली आणि तिचा नवरा पूर्वी इथं नवी शिडं शिवायचे. नवरा गेला, होड्यांना इंजिनं लागली, नव्या शिडांना कुणी विचारेना. तेव्हा या बाईनं निकामी शिडं गोळा केली आणि त्यांच्या बाजाराच्या पिशव्या, कोळणींसाठी एप्रन, खुर्च्यांच्या बैठकी असं शिवायला घेतलं. लोक हसले. "शिडाची पिशवी? बाजारातून वारा भरून आणायचाय का?" म्हणाले. मग त्यांच्याच बायका दहा दहा वर्षं एकच पिशवी वापरताना दिसू लागल्या आणि हसणाऱ्यांची तोंडं मिटली.

तिच्या कारखान्याचा एक रिवाज होता. शीड कुणाचंही असो, त्याला पहिली कात्री मालकानंच लावायची. कोपऱ्यावरची पितळी कडी असलेला तुकडा त्यानं स्वतःच्या हातानं कापायचा आणि घरी न्यायचा. कडी नाही म्हणजे ते शीड पुन्हा डोलकाठीवर चढणार नाही. त्याचं पाण्यावरचं काम संपलं. त्यानंतर शिडवाली त्याला हात लावायची, आधी नाही.

गेल्या वर्षी परत्यानंही आपलं शीड असंच आणून दिलं होतं. मधोमध त्याच्या बायकोनं रंगवलेला लाल कोंबडा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, कोंबडा अजून छाती काढून उभा होता. कोपरा कापताना म्हाताऱ्याच्या हातातली कात्री दोनदा घसरली आणि कापलेली कड वेडीवाकडी, करवतीसारखी झाली. मग तो म्हणाला होता, "वहिनी, याचं काहीही करा, पण चारचौघांच्या उपयोगाचं करा. दिखाऊ काही नको." आणि शिडवालीनं त्याला शब्द दिला होता.

तोच परत्या आता दारात उभा राहून ओरडत होता. "वहिनी! मी मेलो कधी?"

शिडवालीच्या दातात मेण लावलेला दोरा होता आणि तळहाताला चामड्याचा पट्टा. दोरा न काढताच ती म्हणाली, "मेलेली माणसं एवढी ओरडत नाहीत, भावोजी. बसा. चहा टाकते."

"चहा राहू द्या. हे बघा."

"चष्मा घरी राहिलाय. तुम्हीच वाचा की."

मागे तिच्या सुनेचं मशीन चालू होतं, ते थांबलं. शिडवालीचं तिकडे लक्ष गेलं नाही.

परत्यानं अक्षरांखाली बोट धरून वाचलं. "'लाल कोंबड्याचं शीड. हे शीड उभारणारा वृद्ध नावाडी एका वादळी दुपारी, सगळे नको म्हणत असताना, समुद्रावर गेला. तो परतला नाही. तिसऱ्या दिवशी शीड तेवढं किनाऱ्याला लागलं. त्याच्या अखेरच्या श्वासाचा वारा अजून या कापडात आहे.'"

शिडवालीनं दातातला दोरा काढला. श्वासाचा वारा की काय त्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिच्या कानात अडकलं ते 'तिसऱ्या दिवशी'. तिसऱ्या दिवशी शीड लागलं होतं ते परत्याचं नव्हे. ते तिच्या नवऱ्याच्या होडीचं होतं.

"चाळीस वर्षं मी माणसं पलीकडे नेली," परत्या म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि ते ऐकायला जास्त वाईट होतं. "आभाळ फिरलं की होडी फिरवली. लग्नाला निघालेले अडकले, परीक्षेची पोरं अडकली, शिव्या घातल्या. परत्या नाव ठेवलं. ठेवा म्हटलं. पण चाळीस वर्षांत माझ्या होडीतून एक माणूस, एक कोंबडी पाण्यात गेली नाही. दुसरं काय कमावलं मी? घर? जमीन? तेवढंच एक होतं. समुद्राला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत, वहिनी. मला एका चिठ्ठीवर बुडवलंत."

"काका, मी तुमचं नाव नाही घातलं," सून मागून हळूच म्हणाली.

"नाव कशाला हवं? लाल कोंबडा घातलायस की! लाल कोंबडा कुणाचा हे या धक्क्यावर मांजराला विचार, तेही सांगेल."

शिडवालीची तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं हाताचा पट्टा सोडून टेबलावर आपटला. "हे तू लिहिलंस?"

सुनेनं मान डोलावली. मुलगा नोकरीसाठी परगावी, त्यामुळे या दोघीच वखार चालवत होत्या, आणि दुकानांशी बोलणं, मापं, लिहिणं हे सगळं सुनेकडे. हुशार पोरगी, कामाला वाघ. वरच्या गावातलं मोठं दुकान तिनंच मिळवलं होतं. "मी आधी खरं लिहिलं होतं, आई," ती म्हणाली. "'जुनं शीड, मजबूत शिवण, भिजलं तरी फाटत नाही.' त्या दुकानाच्या मफलरवाल्या मालकानं तीनदा परत पाठवलं. म्हणे, यात गोष्ट कुठाय? एवढी वर्षं समुद्रावर होतं, कुणीतरी गेलं असेलच ना? मग मला... घरातली आठवली."

"घरातली आठवली!" शिडवालीचा आवाज चिरकला. "सासरा तुझा! तू त्यांचं तोंडही पाहिलं नाहीस, आणि त्यांचं मरण उचलून पिशवीला बांधलंस? आणि तेही या माणसाच्या नावावर? याच्या?"

पुढे ती बरंच बोलणार होती. पण तिला आठवलं, की त्या सगळ्या चिठ्ठ्यांना दोरी ओवायला तीच बसली होती. खिडकीत बसून, उन्हात पाठ शेकत, गुणगुणत. एकेक चिठ्ठी हातात घेतली, भोकातून दोरी काढली, गाठ मारली. एक वाचली नाही. चष्मा तेव्हाही घरीच होता. टाका एक इंच वाकडा गेला तर पूर्ण शिवण उसवणारी बाई, आणि चिठ्ठीवर काय छापलंय ते बघायची तिला गरज वाटली नव्हती.

"चला," ती म्हणाली. "सगळे चला."

दुकान चढणीवर होतं. काचेचं दार, आत गार हवा, कुठूनतरी मंद सूर येत होते. एकेका खुंटीला एकेक पिशवी टांगलेली आणि प्रत्येक पिशवीवर वेगळा दिवा सोडलेला. बाजारातून बटाटे वाहून आणायला शिवलेल्या पिशव्या त्या, इथं नवरीसारख्या नटून बसल्या होत्या. कोंबड्याची पिशवी दर्शनी काचेत, स्वतंत्र चौथऱ्यावर. ती पाहताच परत्या दाराशीच थबकला. पायपुसण्यावर चपला पुसू की काढू, हे त्याला कळेना.

मालक पुढे आला. बाहेर घाम निथळत होता तरी याच्या गळ्यात मफलर होता. सुनेला ओळखून हसला. "वा, उत्तम! कोंबड्याच्या शिडाच्या जेमतेम अकरा उरल्यात. असलं अजून एखादं शीड मिळेल?"

"हे त्या शिडाचे मालक," शिडवाली म्हणाली. "जिवंत आहेत. चिठ्ठ्या काढा."

मफलरवाल्यानं परत्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. धुलाईत आकसलेला सदरा बघावा तसं त्यानं बघितलं. "खात्री आहे?"

"मी जिवंत आहे याची?" परत्यानं विचारलं.

"शीड तुमचंच याची."

परत्यानं खिशातून किल्ल्या काढल्या. त्या पितळी कडीत अडकवलेल्या होत्या आणि कडीभोवती शिडाचा तो कोपरा अजून होता, मळून काळपट झालेला. तो काचेपाशी गेला आणि त्यानं कोपरा पिशवीच्या वरच्या काठाला लावला. ती कड शिडवालीनं कोंबड्याच्या तुकड्याला वरून जोडली होती, पण मुडपली नव्हती. तशीच ठेवून आतून पट्टी लावली होती, कारण ती परत्याच्या हातची होती. करवतीचा दात दाताला बसला. कात्री जिथं दोनदा घसरली होती तिथंसुद्धा.

दुकानातल्या दोन गिऱ्हाइकबाया जवळ आल्या. "अय्या, किती गोड!" एक म्हणाली.

मफलरवाला विचारात पडला होता. "थोडी अडचण आहे खरी," तो म्हणाला. "पण मार्ग निघेल. 'जवळजवळ बुडाला' असं करू. आणि आजोबा, तो कोपरा आम्हाला देता का? काचेत ठेवू, पिशवीशेजारी. तुम्हीही शनिवारी शनिवारी येऊन बसलात तर फार बहार येईल."

"मी जवळजवळसुद्धा बुडालो नाही," परत्या म्हणाला. "कधीच नाही. मी परत फिरायचो."

"हो, पण त्यात गोष्ट कुठाय?"

"म्हणजे यात कुणी मेलंच नाही?" दुसरी बाई मध्येच म्हणाली. तिनं नुकतीच घेतलेली पिशवी खांद्यावरून उतरवली, उलटसुलट केली. "मग मला ही बदलून द्या बाई. खरी असेल ती दाखवा."

शिडवालीचा संयम सुटला. "खरी हवी? माणूस मेलेली हवी? मेलाय, माझा नवरा मेलाय! बावीस वर्षांपूर्वी, याच समुद्रात! तिसऱ्या दिवशी शीड..."

आणि ती थांबली. कारण बाईचा हात पुन्हा पिशवीकडे गेला होता. तिचे डोळे पाणावले होते, मान एका बाजूला कलली होती, आणि चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखी तृप्ती होती. मफलरवाला खिशात पेन शोधत होता.

आपण या माणसांना आणखी एक चिठ्ठी देतोय, हे तिच्या लक्षात आलं. तिनं पदराला टोचलेली दोरा कापायची छोटी कात्री काढली आणि खुंटीखुंटीला जाऊन चिठ्ठ्या कापायला सुरुवात केली. सून तिच्या मागोमाग पिशव्या उतरवू लागली. "अहो, हा व्यवहार ठरलेला आहे," मफलरवाला म्हणत होता. "मग ठरलेला मोडला," सून म्हणाली, आणि काचेतल्या चौथऱ्यावरून कोंबडा उचलून तिनं तो परत्याच्या खांद्याला अडकवला. सकाळपासून पहिल्यांदा शिडवालीला ती आपली वाटली.

तिघं उतरणीला लागली. तिघांच्या खांद्यांवर मिळून अकरा पिशव्या, येणारे-जाणारे बघत होते. सून चार पावलं पुढे, मान खाली. गावात इतर घरांत गेलेल्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या आता कोण कापणार होतं? त्या तशाच राहणार होत्या, आणि परत्या तिथं बुडालेलाच राहणार होता.

"वहिनी," परत्या मध्येच म्हणाला, "त्या दिवशी मी शिडवाल्याचा दंड धरायला हवा होता."

तिनं वळून पाहिलं. बावीस वर्षांत या विषयावर तो पहिल्यांदा बोलत होता.

"तो नवं शिवलेलं शीड घेऊन आला. म्हणाला, पलीकडच्या गिऱ्हाइकाला आजचा वायदा आहे, सोड होडी. मी म्हटलं, आज नाही, आभाळ बघ. तो हसला. म्हणाला, तू परत्याच राहशील. आणि आपली छोटी होडी काढली. मी नको म्हटलं आणि घरी गेलो. नुसतं नको म्हणून घरी गेलो."

"त्यांचा दंड कुणाच्या बापानं धरलाय?" शिडवाली भडकली. "बायको असून मला जमलं नाही. सकाळी मीही नको म्हटलं होतं. वायदा, वायदा! दिलेल्या दिवसापायी जीव गेला, आणि कौतुक त्यांचं झालं. धाडसी म्हणे. आणि तुम्ही भित्रे."

ते बोलताना तिलाच चटका बसला. नवरा गेल्यावर टपरीवर कुजबुज सुरू झाली होती. परत्यानं त्याची मोठी होडी काढली असती तर शिडवाला वाचला असता, असं लोक म्हणायचे. परत्या घाबरला म्हणून तो गेला. ती कुजबुज बावीस वर्षं चालली होती आणि शिडवालीच्या कानावर शंभरदा आली होती. तिनं कधी हो म्हटलं नाही. पण कधी नाहीही म्हटलं नाही. गप्प बसणं सोयीचं होतं. नवऱ्याला मूर्ख म्हणण्यापेक्षा दुसऱ्याला भित्रा म्हणू देणं सोपं होतं. सुनेनं तर एक चिठ्ठी लिहिली. शिडवालीनं या माणसाला बावीस वर्षं बुडत ठेवलं होतं.

दुकानात ती बोलायला निघाली होती, ते बरोबरच होतं. फक्त माणसं चुकीची होती.

टपरीवर सकाळचेच रिकामटेकडे होते. परगावची बाईही होती, चिठ्ठीची वाट बघत. तीन माणसं आणि एवढ्या पिशव्या पाहून सगळे सरसावून बसले. एकानं लगेच टोमणा टाकला. "काय परत्या, दुकानातूनही परतच आलास का?"

हशा पिकला. परत्या सवयीनं कसनुसं हसला. चाळीस वर्षं तो असाच हसत आला होता.

"हो, परत आला," शिडवाली म्हणाली. तिनं आपल्या पिशव्या बाकावर टाकल्या. "आणि तुम्ही सगळे नीट ऐका, कारण मी हे पहिल्यांदा सांगतेय. मला हे आधीच सांगायला हवं होतं, याची मला लाज वाटते. आमचे हे बुडाले ते भावोजींमुळे नाही. यांनी सांगितलं होतं, नको. त्यांनी ऐकलं नाही. भावोजी होडी घेऊन गेले असते तर दोन बायका विधवा झाल्या असत्या, आणि त्या होडीत बसलेल्यांच्या घरी वेगळंच रडणं असतं. तुझा बाप," तिनं टोमणेवाल्याकडे बोट केलं, "त्या दिवशी यांच्या होडीत बसायला आला होता. यांनी त्याला घरी पाठवलं. म्हणून तुझा बाप म्हातारा होऊन खाटेवर मेला, आणि तू इथं बसून दात काढतोयस."

टोमणेवाल्यानं पेल्यात बघितलं. टपरीवाला दूध ओतता ओतता थांबला होता, ते उतू जायला आल्यावर त्यानं घाईनं भांडं उचललं.

"मग तो बुडालेला आजोबा..." परगावची बाई चाचरत म्हणाली.

"कुणी आजोबा बुडालेला नाही," सून म्हणाली. "मी खोटं लिहिलं होतं. पिशवी नको असेल तर परत द्या."

बाईनं पिशवीकडे पाहिलं, परत्याकडे पाहिलं. शेवटी तिनं पिशवी उतरवून बाकावर इतर पिशव्यांशेजारी ठेवली आणि ती निघून गेली. शिडवालीनं तिला थांबवलं नाही.

परत्यानं खांद्यावरची कोंबड्याची पिशवी काढली, तिच्यात हात घालून शिवण तपासली, कोपरे ओढून पाहिले. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "ही मी ठेवतो, वहिनी. कांदे-बटाट्याला बरी आहे."

"ठेवा," ती म्हणाली.

टोमणेवाला बाकावर सरकला. दोन माणसं बसतील एवढी जागा झाली. परत्या बसला, किल्ल्या खिशात नीट ठेवल्या आणि टपरीवाल्याला म्हणाला, "चहा दे बाबा. सकाळचा राहिलाय."